बिनमासळीच्या वाराची गोळी

लहान मुलांना संधिवात होतो. एवढंसं हे वाक्य, पण ते मी आजवर इतक्या लोकांना ऐकवलंय की आता नुसतं म्हणतानाही माझा आवाज चढतो. लग्नाच्या मांडवात, बँकेत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणीतरी माझ्या डाव्या गुडघ्याकडे बघतं. तो अजूनही पुरता सरळ होत नाही. मग विचारतं, "पडला होतात का?" मी सांगते, नाही, लहानपणीचा संधिवात. समोरचा माणूस हमखास हसतो. "लहानपणी? संधिवात तर म्हाताऱ्यांना होतो ना?" जणू मी दहाव्या वर्षी मुद्दाम म्हाताऱ्यांच्या रांगेत घुसले होते. पूर्वी मी समजावून सांगायचे की हे हाडं झिजण्याचं दुखणं नव्हे. अंगात बाहेरच्या रोगाशी लढणारी जी फौज असते, ती चुकून आपल्याच सांध्यांवर चालून जाते, आणि त्या फौजेला वयाचं काही सोयरसुतक नसतं. आता सांगत नाही. "हो, पडले होते," म्हणते आणि माझा मजला आला की उतरते.

माझं बालपण घणसोली गावात गेलं. गावाची शेतं माझ्या जन्माआधीच सरकारने घेतली होती आणि त्यांच्यावर एकेक टॉवर उठत होता. दादा, म्हणजे माझे वडील, रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. घरावर दोन मजले चढवून खोल्या भाड्याने दिलेल्या, त्यात बहुतेक साताऱ्याकडची माणसं. खाली आम्ही: आई, दादा, मी आणि सुमनकाकी. काकी म्हणजे दादांच्या थोरल्या भावाची बायको. काका लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, आणि त्या घरात चूल, मासळी आणि मोठा आवाज या तिन्ही गोष्टी काकीच्या ताब्यात होत्या. शाळेची पायरी ती कधी चढलेली नव्हती. पहाटे पंपाची घरघर, वरच्या भाडेकरूंच्या बादल्यांचा खडखडाट, मागच्या दारी मांदेली साफ करताना काकीच्या बांगड्या, आणि तव्यावर तांदळाची भाकरी. आठवड्याचे सहा दिवस आमच्या घरात मासळी असायचीच. कधी बोंबील, कधी जवळा, कधी खाडीतल्या निवट्या. सोमवार तेवढा शंकराचा, म्हणून बिनमासळीचा. त्या दिवशी दादा ताटाकडे असे बघायचे की जेवणाने त्यांचा अपमान केलाय.

दुखणं सुरू झालं ते असं की एका सकाळी मला उठता येईना. म्हणजे उठले, पण डावा गुडघा कुणीतरी रात्रभर सिमेंटात घालून ठेवल्यासारखा. ओढत ओढत संडासात गेले, आणि तिथे उकिडवं बसताच येईना. दहा वर्षांच्या मुलीला संडासात बसता येत नाही ही काय सांगायची गोष्ट आहे? मी दार लावून, भिंतीला धरून रडले आणि बाहेर येऊन कुणाला काही बोलले नाही. शाळेत लंगडत गेले. दहा-साडेदहापर्यंत गुडघा सैल झाला आणि मधल्या सुट्टीत मी चक्क लंगडी खेळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी लाकूड, दुपारी पाय. आमच्या पी.टी.च्या बाईंनी हे बरोबर हेरलं. "कवायत आली की हिचा पाय दुखतो, आणि सुट्टी झाली की बरा होतो," असं त्यांनी सगळ्या वर्गासमोर सांगितलं. यात खोटं एक अक्षर नव्हतं, हाच तर वैताग होता.

घरी मात्र पाय सुजलेला दिसल्यावर प्रत्येकाला आपापलं मत सुचलं. आईच्या मते मी वरच्या खोल्यांच्या जिन्यावरून उड्या मारते. दादांच्या मते वाढीचं वय आहे. वरच्या साताऱ्याच्या मावशी म्हणाल्या, "आवो, वातूळ खाल्लं आसंल, एरंडेल द्या." मला त्यांनी दोन दिवस एरंडेल दिलं, त्याने गुडघ्याचं काहीच झालं नाही, बाकी सगळं झालं. काकीने लसूण जाळून तेल केलं आणि रोज रात्री माझा पाय मळायला बसली. "सोसेल गो, सोसेल," म्हणत ती सुजल्या सांध्यावर अंगठा दाबायची आणि मी उशी चावायचे. मग आईच्या माहेरी, जासईला नेलं. तिथे हाडं बसवणारा एक म्हातारा होता. त्याने पाय ओढला, कट्‌ असा आवाज काढून दाखवला आणि फळी बांधून दिली. पंधरा दिवसांनी फळी सोडली तेव्हा मांडी बारीक झाली होती आणि गुडघा वाकलेला तो वाकलेलाच. मांडी बारीक झाल्यामुळे गुडघा आणखीच मोठा दिसायला लागला.

डॉक्टरांकडे गेलो नाही असं नाही. पण दादा कारखान्यातून सुटायचे पाचला, म्हणजे डॉक्टर गाठायचे सहाला. सहाला माझा पाय दिवसभराच्या चालण्याने इतका मोकळा झालेला असायचा की डॉक्टर म्हणायचे, "चालून दाखव," आणि मी व्यवस्थित चालून दाखवायचे. दादा माझ्याकडे डोळे वटारून बघायचे, जणू मी त्यांना खोटं पाडायलाच चालले. एक्सरे काढला, काही नाही. मग कुणीतरी रक्तातली संधिवाताची तपासणी लिहून दिली आणि ती निगेटिव्ह आली. दादांना इतका आनंद झाला की त्यांनी तिन्ही मजल्यांवर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेढ्यांचा रिकामा बॉक्स कट्ट्यावर होता आणि मी संडासाच्या भिंतीला धरून उभी होते. त्या तपासणीवर मुलांच्या संधिवाताचा निकाल लागत नाही, बहुतेक मुलांमध्ये ती निगेटिव्हच येते, हे आम्हाला कळायला पुढे आणखी आठ महिने गेले. आठ महिने! आजही कुणी मला "रिपोर्ट नॉर्मल आहेत" असं हसत सांगितलं की मला त्या पेढ्यांची चव येते.

शेवटी वाशीला एक डॉक्टरबाई सापडल्या. त्या लहान मुलांचे सांधेच बघायच्या आणि आठवड्यातून एकदा तिथे यायच्या. पहिल्या दिवशीही आम्ही संध्याकाळीच गेलो. बाईंनी सगळं ऐकलं, मला हातही लावला नाही, आणि दादांना म्हणाल्या, "सकाळी आणा. उठवल्या उठवल्या. आंघोळ नाही, शेक नाही, तेल नाही. झोपेतून सरळ रिक्षात." दादा वैतागले. "खाडा होईल." बाई म्हणाल्या, "होऊ दे." त्या दोन शब्दांवर मी त्यांच्यावर जीव टाकला.

पुढच्या आठवड्यात काकीने मला गोधडीसकट उचलून रिक्षात घातलं आणि बाईंनी पहिल्यांदा माझा खरा पाय बघितला. नुसता गुडघा नव्हे. त्यांनी मला टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, नमस्कार करून कोपरं वर उचलायला लावली, मुठी आवळायला, छताकडे बघायला. मग म्हणाल्या, "तीन बोटं उभी करून तोंडात घाल." काकीला हसू आवरेना. "पाय दुखतंय नि बोटं तोंडात!" पण बोटं जाईनात. दोनच गेली. जबडाही धरला होता आणि आमच्यापैकी कुणाच्या ते गावीही नव्हतं. मी भाकरी बारीक तुकडे करून खायचे, त्यावर आई मला नखरेल म्हणायची. बाईंनी टेपने दोन्ही पाय मोजले. दुखरा पाय जास्त लांब निघाला. सूज असली की तिथे रक्त जास्त पोहोचतं आणि हाड घाईने वाढतं, असं त्यांनी सांगितलं. दादा म्हणाले, "वाढतोय ना, मग चांगलंच की." बाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांचा वैताग मला त्या वयातही ओळखू आला, कारण तो अगदी माझ्या वैतागासारखा होता.

त्या दिवशी आजाराला नाव मिळालं. नाव मिळाल्यावर बरं वाटतं असं लोक म्हणतात. मला तर राग आला, की एवढं सोपं होतं तर आजवर सगळे काय करत होते? वर बाईंनी डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. दर तीन महिन्यांनी डोळे तपासायचे, कारण याच आजारात डोळ्याला आतून सूज येते आणि मुलाला काही कळत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, नजर मात्र जाते. "गुडघ्याला आलो नि डोळ्याला चाललो," असं दादा वाटभर पुटपुटत होते. पण नेलं हो त्यांनी. दर तीन महिन्यांनी नेलं. त्यांच्याविषयी लिहिताना माझी लेखणी जरा तिरकी चालते, म्हणून हे इथे सांगून ठेवते.

सुरुवातीला गुडघ्यातून पाणी काढलं आणि आत इंजेक्शन दिलं. सहा महिने मी हरणासारखी पळाले. मग उजवा घोटा सुजला, मग मनगट, आणि डावा गुडघा पुन्हा. तेव्हा बाईंनी गोळ्या सुरू केल्या. दोन गोळ्या, आठवड्यातून एकदाच. त्या चुकलेल्या फौजेला आवरणाऱ्या. त्यांनी खोक्यावर लाल पेनाने लिहिलं, 'फक्त आठवड्यातून एकदा. रोज नाही.' ते दादांकडून वदवून घेतलं, आईकडून वदवून घेतलं, आणि मग माझ्याकडे वळल्या. "तू वाचतेस ना? मग आजार तुझा, वार तू लक्षात ठेवायचा. रोज घेतली तर ही गोळी घातक आहे." मी मान डोलावली. हे मी विसरले नव्हते. हे इथे स्पष्टच लिहिते, कारण पुढे सगळं त्यावरच आहे.

गोळी घेतली की पोट ढवळायचं, आणि तळणीचा वास आला की ओकारी. म्हणून आईने सोमवार धरला. "बिनमासळीच्या वारी गोळी" अशी आमच्या घरात भाषाच पडून गेली. सोमवारी भाकरी, वालाची आमटी आणि गोळी. जोडीला व्यायाम: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायची. मोजायचं काम काकीकडे. ती सातावर पोचली की भाजीवाला यायचा, त्याच्याशी भांडण व्हायचं आणि परत येऊन ती पुन्हा एकपासून सुरू करायची. गोळीचा गुण मात्र फार हळू. बाईंनी सांगितलं होतं, दोन-तीन महिने लागतील. दोन-तीन महिने म्हणजे काय, हे बारा वर्षांच्या मुलीला सांगून कळतं का? मला घाई होती. आदल्या वर्षी गौरी आल्या तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायका-मुली फेर धरून नाचल्या होत्या आणि मी प्लास्टिकच्या खुर्चीवर त्यांच्या पर्सा मांडीवर घेऊन बसले होते. जी ती येता-जाता माझ्या गालाला हात लावायची, "बिचारी" म्हणायची आणि परत नाचायला पळायची. या वर्षी मी नाचणार होते. कुणाच्याही पर्सा सांभाळणार नव्हते.

आणि श्रावण लागला. श्रावणात आमच्या घरात महिनाभर मासळी बंद. त्याच सुमाराला जासईला मामी बाळंत झाली, तिचं जरा अवघड झालं, आणि आई पंधरा दिवस तिकडे गेली. जाताना घाईघाईत, पिशवी खांद्यावर, रिक्षा दारात उभी, तिने काकीला सांगितलं, "बिनमासळीच्या वारी पोरीला दोन गोल्या द्या, विसरू नका." नेहमीचीच भाषा. घरातल्या प्रत्येकाला तिचा अर्थ ठाऊक होता.

सोमवारी काकीने गोळ्या दिल्या. मंगळवारी वालाची उसळ केली, आणि जेवण झाल्यावर ती कपाटातून खोकं घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. काकीचं सगळं वाचन मी करायचे, लाइटचं बिल, लग्नपत्रिका, तेलाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा. तिने खोकं पुढे केलं.

"आज बी मासली नाय. आज बी द्यायची क? बघ गो, कय लिवलाय."

मी ती लाल अक्षरं बघितली. सरळ, मोठी, कुणालाही वाचता येतील अशी. आणि माझ्या डोक्यात आलं की आठवड्यातून एकदा घेऊन थोडं बरं वाटतंय, तर रोज घेतल्यावर गौरीपर्यंत पाय साफ मोकळा होईल. बाई उगाच घाबरवण्यासाठी म्हणतात, सगळे डॉक्टर तसंच म्हणतात. मी म्हटलं, "रोज द्यायची, काकी. श्रावणात रोज."

"बरा," ती म्हणाली आणि पाणी आणायला गेली.

आठ दिवस तिने मला रोज दोन गोळ्या दिल्या. नेमाने, जेवणानंतर, पाण्याचा पेला हातात देऊन. दादा कारखान्यात ओव्हरटाइम करत होते, त्यांनी बघितलंही नाही. सहाव्या दिवशी माझ्या तोंडात फोड आले. काकीने तूप लावलं. आठव्या दिवशी मला आवंढा गिळवेना, हिरड्यांतून रक्त आलं आणि अंग तापाने भाजलं. खोक्यातल्या गोळ्याही त्याच दिवशी संपल्या, नाहीतर हे प्रकरण लिहायला मी नसते. दादांनी मला वाशीला दवाखान्यात नेलं. बाईंना फोन गेला. त्यांनी रिकाम्या पट्ट्या मोजल्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. गोळीवर उतारा म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरल्या होत्या की मला वेगळ्या खोलीत ठेवलं, आणि आई आली तर तिलाही तोंड बांधून आत सोडलं. आई माझ्याकडे बघायची आणि दाराबाहेर जाऊन काकीला ओरडायची. मला सगळं ऐकू यायचं. "मी एक वार सांगितला होता! एक वार! माझी पोर मारून टाकत होती ही बाई!" काकीचा आवाज येत नव्हता. ज्या बाईचा आवाज दोन गल्ल्या पलीकडे जायचा, तिचा.

गौरी आल्या आणि गेल्या, मी दवाखान्यातच होते. सतरा दिवसांनी घरी आले तेव्हा घरात दोन चुली झाल्या होत्या. आई काकीशी बोलत नव्हती. काकी मागच्या पडवीत स्टोव्हवर आपला भात शिजवायची. दादांनी उरलेली औषधं, व्हिटॅमिनच्या गोळ्यांसकट, उचलून कचऱ्यात टाकली आणि जाहीर केलं की ते विष या घरात परत येणार नाही. मी काय केलं? मी काहीच केलं नाही. तोंड दुखतंय म्हणून पेज पीत राहिले. तोंड कधीच बरं झालं होतं. काकी आज सांगेल, उद्या सांगेल, म्हणून मी रोज घाबरून तिच्याकडे बघायचे, आणि ती काही सांगत नव्हती, त्यामुळे मला तिचाच राग यायला लागला होता. माणूस इतका नीच असू शकतो, आणि तोही बारा वर्षांचा, हे मला माझ्याकडूनच कळलं.

गोळी बंद झाली आणि महिन्याभरात आजार दुप्पट परतला. सकाळचे दोन-दोन तास जखडलेले. डावा गुडघा वाकला तो दुपारीही सरळ होईना. मी चवड्यावर चालायला लागले. दादा म्हणायचे, "हळूहळू जाईल." आई माझा पाय मांडीवर घेऊन बसायची. शेवटी बाईंनीच निरोप पाठवला की तपासणीला या, आणि श्रावणात जे कुणी मुलीला औषध देत होतं, त्या सगळ्यांना घेऊन या. सकाळी. दादा यायला तयार नव्हते, पण आले. मला उचलायला काकी लागायची म्हणून काकीलाही घेतलं. रिक्षात आई एका टोकाला, काकी दुसऱ्या टोकाला आणि मध्ये माझा वाकडा पाय. दादा ड्रायव्हरशेजारी कसेबसे टेकले होते.

बाईंनी प्लास्टिकच्या पट्टीसारख्या एका साधनाने गुडघ्याचा कोन मोजला. आणखी काही महिने असेच गेले तर गुडघा इथेच धरेल, म्हणाल्या. मग गोळीही सरळ करू शकणार नाही, ऑपरेशन लागेल, आणि ते करूनही खात्री नाही. दादा भडकले. "तुमच्या गोळीनेच पोरगी मरत होती!"

"गोळीने नाही," बाईही चढ्या आवाजात म्हणाल्या. "रोजच्या गोळीने. मला ती परत सुरू करायची आहे. पण चूक कशी झाली हे मला कळल्याशिवाय मी ती या घरात देणार नाही. उद्या तीच चूक परत झाली तर?"

आईने काकीकडे बोट केलं. काकी दाराजवळ उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि हळू आवाजात विचारलं, "मावशी, रोज द्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कोनी नाय," काकी म्हणाली. "सरावन व्हता. मना वाटला रोज."

"खोक्यावर लिहिलेलं होतं ना?"

"मना वाचता नाय येत."

"मग कुणाकडून वाचून घेतलं नाही?"

काकी माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. ती बघतही नव्हती. भिंतीवर मुलांच्या उंचीचं जिराफाचं चित्र होतं, तिकडे बघत म्हणाली, "नाय. कोनाला नाय विचारला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग माझा नाइलाज आहे," त्या दादांना म्हणाल्या. दादा उठलेच. मला त्या क्षणी लख्ख दिसलं की आता हे सगळे घरी जाणार, गोळी येणार नाही, माझा पाय असाच राहणार, आणि ही बाई जन्मभर पडवीत भात शिजवणार. मला काकीचा इतका संताप आला. का बोलत नाही ही? सगळ्या गल्लीशी भांडते आणि इथे का गप्प?

"खोटं बोलतेय ती!" मी ओरडले. "तिने विचारलं होतं. मला विचारलं. खोकं दाखवलं. मी वाचलं आणि मीच सांगितलं, रोज. मला माहीत होतं एकदाच घ्यायची. मला गौरीत नाचायचं होतं."

आईने हात उगारला, आणि तो माझ्यापर्यंत पोचायच्या आत काकीने मनगटापाशी धरला. दीड महिन्यात त्या दोघींनी एकमेकींना पहिल्यांदा हात लावला असेल.

"तुम्ही बोलला का नाही?" आई तिला म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मी तुम्हाला काय काय बोलले. का नाही सांगितलंत?"

"कय सांगू?" काकी खेकसली, अगदी भाजीवाल्यावर खेकसायची तशी. "बारा वर्सांचा पोर तो. मी पन्नास वर्सांची. औषध देताना पोराला विचारला, ही अक्कल कोनाची? माजी. मंग तिचा नाव कनाला घेऊ?"

आईचा हात तिने सोडला नव्हता, आणि आईनेही तो सोडवून घेतला नाही. मी दवाखान्यात रडले नव्हते, घरी रडले नव्हते, तिथे मात्र रडले, मोठ्याने, लहान पोरासारखी. बाईंनी मला रडू दिलं. मग त्यांनी टेबलाचा खण उघडून एक पिवळा कागद काढला आणि त्याच्यावर सात चौकोन आखले. त्यातला एकच लाल रंगाने भरला, बाकीच्यांवर फुल्या मारल्या आणि कागद काकीसमोर सरकवला. अक्षर एकही लिहिलं नाही.

दादा अजून उभेच होते. त्यांनी त्या लाल चौकोनावर बोट टेकवलं. "हा सोमवार ना, डॉक्टर?" त्यांनी विचारलं आणि खुर्ची ओढून पुन्हा खाली बसले.